साय आणि सुरा : घरातल्या दोन भांड्यांचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी दाराशी थांबली होती. आता तिचीच मुलगी कॉलेजात जाते. म्हणाली, "सर, रागावणार नसाल तर एक विचारू? घरी बेलीज करता येतं का हो? मी करून पाहिलं, पार फाटलं." आमची सगळी नोकरी ज्ञानमीमांसा शिकवण्यात गेली, त्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कधी आला नव्हता. आम्ही विचारलं, कशाकशाचं केलंस? तिनं यादी सांगितली. फ्रिजमध्ये चार दिवस साठवलेली साय, साखर, कॉफी आणि रम. यातला शेवटचा शब्द उच्चारताना तिनं आवाज खाली आणला. साय म्हणताना आणला नाही, रम म्हणताना आणला.

घरी येताना त्या खाली आलेल्या आवाजाचाच विचार करत होतो. एकाच स्वयंपाकघरात, एकाच बाईच्या हातात दोन भांडी आहेत. एकाबद्दल मोठ्यानं बोलायचं, किंबहुना मिरवायचं, दुसऱ्याबद्दल कुजबुजायचं. हे नेहमी असंच होतं का? आणि सगळ्यांच्याच घरी असंच होतं का? आजचं व्याख्यान या दोन प्रश्नांवर आहे. प्रतापनगरात, एवढ्या सभ्य वस्तीत, दारूवर बोलायला उभं राहिल्याबद्दल ज्येष्ठांनी क्षमा करावी.

आधी तिचं मिश्रण का फाटलं ते सांगतो, कारण त्यातही इतिहास आहे. आपण साय आणि क्रीम हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. ते चूक आहे. आपल्याकडे दूध घरात आलं की पहिल्यांदा तापवतात. उन्हाळ्यात नागपुरात दूध न तापवता ठेवून बघा, दुपारपर्यंत त्याचं काय होतं ते! दूध तापलं की पृष्ठभागावरची प्रथिनं एकमेकांना धरून एक पापुद्रा तयार करतात आणि त्या जाळ्यात स्निग्धांश अडकतो. ती साय. युरोपातल्या थंड प्रदेशात कच्चं दूध पसरट भांड्यात गार जागी ठेवून द्यायचे. हलका स्निग्धांश आपोआप वर येई, तो काढून घ्यायचे. ते क्रीम. १८७८ मध्ये गुस्ताफ द लाव्हाल या स्वीडिश इंजिनिअरनं भांडं गरगर फिरवून हेच काम सतत करणारं यंत्र काढलं आणि क्रीम हा कारखान्याचा माल झाला. म्हणजे साय हे जाळं आहे आणि क्रीम हे सुटे थेंब आहेत. रबडी करणारा हलवाई कढईच्या काठाला साय चढवत राहतो, तो या जाळ्याचाच उपयोग करतो. क्रीमची रबडी होत नाही, आणि सायीचं बेलीज होत नाही.

मद्याबरोबर दूध टिकवायचं तर स्निग्धांशाचे थेंब अतिशय बारीक हवेत आणि प्रत्येकाभोवती दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचं आवरण हवं. कारखान्यात ते दाबयंत्रातून करतात. शिवाय दूध आंबट असता कामा नये. आपल्या दूध संकलन केंद्रावर एक जुनी साधी परीक्षा असते. परीक्षानळीत दूध घ्यायचं, तितकंच ६८ टक्क्यांचं अल्कोहोल घालायचं आणि हलवायचं. कण दिसले तर ते दूध आंबटाकडे झुकलंय, तापवल्यावर नासेल, म्हणून परत करायचं. आमच्या विद्यार्थिनीच्या चार दिवसांच्या सायीनं, तिला न सांगता, हीच परीक्षा दिली आणि ती नापास झाली. त्यात कॉफीही आम्लधर्मी. कोण वाचवणार!

आता इतिहासाकडे वळू. आपली समजूत अशी आहे की दूध हे सात्त्विक, मद्य हे तामसिक, आणि या दोघांचं भारतीय परंपरेत कधी जमलंच नाही. जुने ग्रंथ उघडले की ही समजूत टिकत नाही. ऋग्वेदातला सोम नुसता पीत नसत. तो दुधात मिसळला की गवाशिर, दह्यात मिसळला की दध्याशिर, सातूच्या पिठात मिसळला की यवाशिर. सोम म्हणजे मद्य नव्हे, हे मान्य. त्याची वनस्पती कोणती, यावर अजून वाद चालू आहे. पण मद उत्पन्न करणारं पेय आणि दूध यांची जोडी तिथे उघड आहे, देवांसमोर आहे.

त्याहून स्पष्ट उदाहरण सौत्रामणी या यज्ञाचं. यात सुराच लागते. अंकुरलेलं धान्य, भात, लाह्या यांपासून ती तयार करायची, तीन रात्री मुरू द्यायची, आणि शतपथ ब्राह्मणात सांगितल्याप्रमाणे पहिल्या रात्री तिच्यात एका गाईचं, दुसऱ्या रात्री दोन गाईंचं, तिसऱ्या रात्री तीन गाईंचं दूध घालायचं. पुढे यज्ञात सुरेचे ग्रह, म्हणजे पेले, आणि दुधाचे ग्रह शेजारी शेजारी मांडायचे. पुण्याच्या माधवी कोल्हटकर यांनी या विधीवर 'सुरा : द लिकर अँड द वेदिक सॅक्रिफाइस' हा ग्रंथ लिहिला आहे, १९९९ चा. सुरा कशी करायची याचं इतकं बारीक वर्णन त्यात आहे की वाचताना आपण यज्ञशाळेत आहोत की मुदपाकखान्यात, असा प्रश्न पडतो. आम्हाला विचाराल तर वैदिक काळात या दोन जागांत आपण समजतो तितकं अंतर नव्हतंच.

मग ही जोडी फुटली कुठे? एका जागी बोट ठेवता येत नाही. सूत्रकारांच्या काळातच सुरेऐवजी दुधाचेच ग्रह चालतील, असा पर्याय येतो. पुढे धर्मशास्त्रकारांनी कलिवर्ज्यांची यादी केली. पूर्वीच्या युगात चालत होतं पण कलियुगात वर्ज्य, अशा गोष्टींची ती यादी. तिच्यात सौत्रामणीतली सुरा आहे. महामहोपाध्याय काण्यांनी या कलिवर्ज्यांची तपशीलवार चर्चा केली आहे. आपल्याला ती यादी मोठी सोयीची वाटते. जुनं खोटं म्हणायचं नाही, आणि पाळायचंही नाही! वैद्यकानं आपला वेगळा मार्ग घेतला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात विरुद्धान्नाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की पायस, सुरा आणि कृशरा, म्हणजे खीर, मद्य आणि खिचडी, एका वेळी घेऊ नयेत. आता बघा, नियम केव्हा करावा लागतो? लोक करत असतात तेव्हा. कुणीतरी खिरीवर सुरा पीत होतं, म्हणून वाग्भटाला लिहावं लागलं.

दूध आणि मद एकत्र राहिले ते फक्त एका ठिकाणी, भांगेच्या थंडाईत. महाशिवरात्रीला, होळीला, बदाम-बडीशेप-खसखस वाटून दुधात घातलेली थंडाई इतवारीत आणि महालात आम्ही लहानपणापासून पाहत आलो. भांगेतलं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. म्हणून तिला दूध लागतं. हे करणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण साय काढलेल्या दुधात मजा येत नाही हे ठाऊक होतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळलेली आहेत. देवाच्या नावावर एक फट राहिली, ती अशी.

बाकी घरात दुधाचं भांडं वर चढत गेलं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, मानसोल्लास रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात शिखरिणी आहे. दही, साखर, सुगंधी द्रव्यं. तीच पुढे आपलं श्रीखंड झाली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडितानं भोजनकुतूहल लिहिलं, त्याला तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराचा, व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंचा आश्रय होता. दूध, दही, तूप यांच्या गुणदोषांची चर्चा त्यात आहे. वेलची किती, केशर कधी, दही किती वेळ टांगायचं हे ज्ञान ग्रंथात गेलं, दरबारात गेलं, आणि पाडव्याच्या ताटात आलं. घरात चक्का टांगलेला असला की पोरांनी त्याखालून जायचं नाही, एवढा त्याचा मान!

मद्याचं भांडंसुद्धा घरातून पूर्ण गेलं नव्हतं, बरं का. ते नाव बदलून राहिलं. द्राक्षासव, कुमारीआसव, बाळंतिणीला दशमूलारिष्ट. गूळ, काढा आणि धायटीची फुलं बरणीत घालायची, तोंड बांधायचं, महिनाभर धान्याच्या कोठीत पुरून ठेवायची. त्याला वैद्य संधान म्हणतात. आंबवण्यातून आपोआप अल्कोहोल तयार होतं आणि तेच औषध टिकवतं. आजी दोन चमचे घेई आणि तिला छान झोप लागे. आजी दारू पिते असं म्हणायची कुणाची हिंमत होती?

इथपर्यंत गोष्ट एका प्रकारच्या घराची झाली. आता दुसरं घर.

नागपुरातून पूर्वेला निघालात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, की मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली बायका वाकलेल्या दिसतात. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. आम्ही हे पुस्तकात वाचण्याआधी एका गोंड कुटुंबात चाखलं होतं. फुलं उकळून, वाटून भाकरीच्या पिठात, लाडवात, दूध असेल तर खिरीत. आणि हीच फुलं भिजवून आंबवली आणि मडक्यावर मडकं ठेवून वाफ गार केली की मोहाची दारू. एकच फूल, एकच घर, एकच बाई. जन्म, लग्न, मृत्यू, या प्रत्येक प्रसंगी पेन, म्हणजे देव आणि पूर्वज, यांना मोहाची धार द्यायची. सौत्रामणीत शेजारी शेजारी असलेले ते दोन पेले या घरात वेगळे झालेच नव्हते.

ते वेगळे केले आबकारीनं. आबकारी हा शब्द फारसी, पण तिचा खरा विस्तार इंग्रजी अमलात झाला. धोरण साधं होतं. दारू कुणी गाळायची आणि कुणी विकायची हे सरकार ठरवणार, आणि कर घेणार. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला. घरची दारू करापासून सुटते आणि फूल तर जंगलात फुकट पडतं, म्हणून १८९२ मध्ये चक्क मोहफुलावरच कायदा केला. ठाणे-कुलाब्याच्या भागात फुलं बाळगण्यावरच बंधन आलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं दक्षिण गुजरातच्या संदर्भात या प्रवासाला नाव दिलं आहे, रूढीपासून गुन्ह्यापर्यंत. आमच्या मध्य प्रांतात आधी ठेकेदाराच्या गावभट्ट्या, मग ठरावीक डिस्टिलरीतून पुरवठा, असं होत गेलं. परिणाम तोच. काल जी बाई स्वतःच्या मडक्यात गाळत होती, तिला आज तीच वस्तू दुकानातून पैसे देऊन आणायची. पैसे नसतील तर उधारीवर. उधारी कुणाची आणि जमीन कुणाकडे गेली, हे तुम्हाला सांगायला नको.

आम्हाला इथे थोडं थांबायचं आहे, कारण आमचा मुद्दा इथे आहे. श्रीखंडाचं भांडं संस्कृती झालं आणि मोहाचं मडकं गुन्हा झालं. दोन्ही घरगुती, दोन्हींत पिढ्यांचं कौशल्य, दोन्हींची मालकीण बाईच. दारू वाईट आणि श्रीखंड चांगलं, एवढ्यावर हा फरक पडला असता तर ठेकेदाराचं दुकानही बंद झालं असतं. ते झालं नाही. गुन्हा पिणं नव्हता, सरकारला वगळून गाळणं हा होता.

मग राष्ट्रीय चळवळ आली, आणि तिनं प्रश्न उलटा धरला. महसूल बुडाला तरी चालेल, दारू नको. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला, तो याच नागपुरात, राजधानीत. मुंबईचा कायदा १९४९ चा. १९५६ ला विदर्भ त्या राज्यात गेल्यावर पुढे आपणही त्या कायद्याखाली आलो. त्याही कायद्यात मोहफुलाचा नावानं उल्लेख आहे! १८९२ चं फूल १९४९ मध्ये परत. हाच कायदा, नाव बदलून, महाराष्ट्रात अजून लागू आहे. दुकानं उघडी असली तरी पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि त्या परवान्याचं कारण आरोग्यरक्षण असं लिहिलेलं असतं. आमच्या एका स्नेह्याकडे तो आजीव परवाना आहे. प्रकृती ठणठणीत आहे त्यांची. घरी गाळायला मात्र कुणालाच परवानगी नाही.

१९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा बराचसा भाग उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आजीचं अरिष्ट सुटलं. मोहाचं मडकं सुटलं नाही. कारण अरिष्टाला औषध म्हणणारं शास्त्र लिहिलेलं होतं, न्यायालयात ते मांडता येत होतं. पेनाला धार द्यायचं शास्त्र कुठे लिहिलेलं होतं?

गांधीजींचं नाव इथे येणारच, सेवाग्राम आपल्यापासून दीड-दोन तासांवर. पण एक गोष्ट लोक विसरतात. गांधीजींना दूधही संशयास्पद वाटत होतं. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर कालेनबाखबरोबर त्यांनी दूध सोडलं, कारण ते विकार उद्दीपित करतं अशी त्यांची धारणा होती. पुढे मोठ्या आजारपणात, १९१९ च्या सुरुवातीला, ते शेळीच्या दुधावर आले, आणि व्रताचा शब्द राखला पण आत्मा गमावला अशी खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली. म्हणजे वाग्भटानं जे दोन पदार्थ वेगळे ठेवायला सांगितले, ते गांधींनी परत एका बाजूला आणून बसवले, दोन्ही संयमाच्या आड येणारे म्हणून. वर्ध्यानं मात्र यातलं अर्धंच घेतलं. जिल्ह्यात दारूबंदी, आणि गोरसभांडाराचा तुपातला गोरसपाक साऱ्या विदर्भात प्रसिद्ध. आम्ही वर्ध्याहून कधी रिकाम्या हातानं परत आलेलो नाही.

आता विसाव्या शतकातला दुसरा अर्धा भाग जरा भरभर सांगतो. दुधाचं भांडंही घरातून बाहेर पडलं, पण दुसऱ्या दारानं. तिथे पोलीस आले नाहीत, सोय आली. मध्ये एक वळण होतं, तेवढं सांगण्यासारखं. १९६५ मध्ये पश्चिम बंगालात प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारनं छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. दूध पोरांना पुरत नाही आणि तुम्ही संदेश कसले खाता, असा युक्तिवाद. कलकत्त्यात हाहाकार! गोड पदार्थ हासुद्धा गुन्हा होऊ शकतो, याचा अनुभव सभ्य घरांनी तेवढ्यापुरता घेतला.

१९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं. त्याच वर्षी कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा आलं, हा योगायोग आम्हाला आवडतो. त्या वेळी युरोपीय आर्थिक समुदायाकडे दुधाची भुकटी आणि लोण्याचा डोंगर साचला होता. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत त्यांनी तो भारताला मदत म्हणून दिला. इथे त्या भुकटीचं आणि बटर ऑइलचं दूध करून शहरांत विकलं आणि त्या पैशातून डेअऱ्या उभ्या राहिल्या. आणि त्याच काळात आयर्लंडमध्ये काय चाललं होतं? दूध भरपूर, क्रीम भरपूर, आणि निर्यातीचं नवीन उत्पादन हवं होतं. लंडनमधल्या डेव्हिड ग्लकमन आणि ह्यू सीमोर-डेव्हिस या दोन सल्लागारांनी १९७३ मध्ये जवळच्या दुकानातून क्रीम आणलं, त्यात आयरिश व्हिस्की मिसळली, चव लागेना म्हणून साखर आणि पिण्याच्या चॉकलेटची पूड घातली. ग्लकमननं स्वतः ही हकीकत लिहिली आहे. मग तंत्रज्ञांनी ते टिकाऊ केलं आणि १९७४ मध्ये बेलीज बाजारात आलं, १७ टक्के अल्कोहोलचं. युरोपच्या त्याच दुधाच्या पुराचा एक ओघळ आपल्या डेअरीत आला आणि दुसरा त्या बाटलीत गेला. आमच्या विद्यार्थिनीला वाटलं होतं की हा काहीतरी शेकडो वर्षांचा आयरिश घरगुती प्रकार असावा. तो तिच्याच वयाचा आहे.

आपल्याकडे १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. उसाच्या मळीचं स्पिरिट, आणि त्याला स्वाद कसला? संत्र्याचा. गुत्त्यावर 'संत्रा' मागितली की फळ कुणी देत नाही. भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून आपल्या बागेत लावलं असं परंपरा सांगते ते फळ, २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं भूषण, ते एका बाजूला संत्रा बर्फीच्या खोक्यावर आहे आणि दुसऱ्या बाजूला देशीच्या बाटलीवर. दोन्ही विकत मिळतात. घरात यातलं काहीच होत नाही.

एवढं बोलल्यावर समोरून एक प्रश्न येणार हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्हीच विचारतो. सर, तुम्ही मडक्याची बाजू घेऊन राहिले, पण मार खाणाऱ्या बाईचं काय? प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दारूविरोधात चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि राणी बंग त्यात होते, आणि गावोगावच्या बाया त्यात होत्या. १९९३ पासून तिथे जिल्हाव्यापी बंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या बायांपैकी अनेक जणी मोह गाळणाऱ्यांच्याच लेकी होत्या. त्यांना रूढी ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी पाहिलं ते असं, की देवाला धार देण्यापुरतं गाळलं जाणारं आता विकण्यासाठी गाळलं जातं, रोज गाळलं जातं, आणि मजुरीचा पैसा तिथेच संपतो. आम्ही वर घराची बाजू मांडली ती मागे घेत नाही. पण घरात केलेलं ते आपोआप मापात राहतं, असं आम्ही पूर्वी एका लेखात लिहिलं होतं, ते वाक्य आज लिहिणार नाही. माप घरातल्या कुणाच्या हातात आहे, यावर ते ठरतं. चुलीजवळ बसणारीच्या हातात असेल तर एक, ओसरीवर बसणाऱ्याच्या हातात असेल तर दुसरं.

२०२१ मध्येच राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. शेजारच्या मध्य प्रदेशानं तर मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य ठरवून आदिवासी बचत गटांना ती बनवायला देण्याचं धोरण आणलं. काचेची सुंदर बाटली, त्यावर झाडाचं चित्र. शहरातल्या मंडळींना आवडेल. ज्यांच्या पणजीवर त्याच वस्तूसाठी छापा पडला होता, त्यांना त्या बाटलीतलं किती मिळतं, ते आम्ही बघत आहोत.

राहिला विद्यार्थिनीचा प्रश्न. तिला आम्ही फोन करून सांगितलं की मद्य गाळणं किंवा आंबवणं घरी करू नकोस, कायद्यात बसत नाही. आणि दुकानातून आणलेलं मिसळायचंच असेल तर साय वापरू नकोस, ताजं डेअरी क्रीम घे, सगळं गार असू दे, आंबट काही घालू नकोस, थोडंच कर आणि दोन-चार दिवसांत संपव. कारखान्यात याला स्थिर ठेवायला सोडियम सायट्रेट घालतात. सायट्रिक आम्ल दूध फाडतं आणि त्याचंच क्षार दूध सांभाळतं! तत्त्वज्ञानाच्या तासाला हे उदाहरण आम्हाला मिळायला हवं होतं.

पण खरं तर तिनं संत्र्याची बासुंदी करावी. दोन लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं. अधूनमधून काठाची साय आत सोडायची, मोडायची नाही. साखर शेवटी, शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे होते. मग उतरवून पूर्ण गार करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. दूध गरम असताना संत्रं घातलं तर काय होईल ते आता तुम्हाला सांगायची गरज नाही. फोडींची पांढरी साल आणि बिया काढून गर वाढायच्या वेळीच घालायचा. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमाराला येतं, ते जरा आंबट. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचं येतं, ते गोड. बासुंदीला मृगाचं घ्या.